माझी मयत, बुधवारी दहा ते पाच

मी मेली ती बुधवारी सकाळी साडेदहाले, अन् सांगाले हरकत नाही, चांगल्या उजेडात मेली. दोन मोठे दिवे, एक छत्रीवाला दिवा, अन् चंदेरी पत्रा धरून उभा असलेला एक माणूस. एवढा सरंजाम आमच्या गावात कोणाच्या लग्नात बी झाला नाही. शेजारच्या बयनाबाईच्या सासऱ्याच्या मयतीत तर धड कंदील बी नव्हता. हे मी तिले कमीपणा द्याले सांगत नाही. जे होतं ते सांगते.

आमचं गाव तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगुच्या अंगाले. बाकी लोकांचा कापूस अन् ज्वारी, आमचं विहिरीच्या पाण्यावरचं माळवं. आदिलाबादचा राजकुमार नावाचा एक माणूस शूटिंगवाल्यांना जागा दाखवायचं काम करते. त्याले कौलाचं घर, मोठं अंगण अन् दाराशी लिंबाचं झाड पाहिजे होतं. आमचं अंगण पाहून तो म्हणला, मावशी, मुंबईची टीव्हीवाली माणसं येणार आहेत, गुन्ह्याची मालिका आहे. मालिकेचं नाव ऐकलं अन् माझ्या हातातली मेथी खाली पडली. ती मालिका आमच्याकडे रोज जेवताना लागते. त्यात दर भागात कोणीतरी आपल्याच माणसाले मारते अन् एक इन्स्पेक्टर त्याले धरते. मी त्या इन्स्पेक्टरच्या आधी ओळखते. भूषणले, म्हणजे माझ्या पोराले, विचारा. पहिल्या जाहिरातीच्या आत मी सांगतलं नसन तर नाव बदलीन.

मी घर द्याले कबूल झाली, पण एका अटीवर. मले त्यात काम पाहिजे. गर्दीत उभं राह्याचं काम नाही, चांगलं ठळक काम.

राजकुमार हसला. मले हसलेलं आवडत नाही. पण डायरेक्टर आली तेव्हा पाहिलं तर ती एक पोरगी निघाली, वृषाली नावाची, माझ्या सुनेच्या, चंचलच्या वयाची. पँट घातलेली, गळ्यात शिटी, अन् पंधरा बाप्यांना एका आवाजात उभं-बस करत होती. मले ती पाहताक्षणी पटली. माझ्या हाती शिटी असती तर मीबी असंच केलं असतं, शिटी नसतानाही करते.

गोष्ट अशी होती की एक म्हातारी माय जमीन पोराच्या नावानं करत नाही, म्हणून पोरगा अन् सून तिले जहर देतात. चंचलनं हे ऐकलं अन् तिच्या तोंडावर जी कळा आली ती मी लक्षात ठेवली आहे. म्हातारीचं काम कराले मुंबईची एक नटी येणार होती. ती नागपूरपर्यंत आली, तिथं तिची कंबर धरली अन् ती वापस गेली. वृषालीबाईनं फोन ठेवला, माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं अन् विचारलं, "आजी, तुम्ही झोपाल का?"

म्हातारीचं जितेपणीचं काही दाखवायचं नव्हतं. मालिका मयतीपासूनच सुरू होत होती. मी विचारलं, बोलायचं काय काय आहे? ती म्हणली, काहीच नाही आजी, फक्त पडून राहायचं. माझे मालक, धोंडीबा, ओट्यावर बिडी ओढत बसले होते. चाळीस वर्षांत त्या माणसाले मी पोट धरून हसताना पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. ते म्हणले, दिवसभर न बोलता? लेखी घ्या बाई तिच्याकडून.

मग सल्ले सुरू झाले. बयनाबाई म्हणली, खोटं मरू नको, जमराजाच्या वहीत गडबड होते. संध्याकाळी तीच म्हणली, खोटं मेलं तर आयुष्य वाढते, माझं बी काही काम आहे का पाहा. कोणी म्हणलं श्वास छातीनं घेऊ नको, पोटानं घे. कोणी म्हणलं पोटानं घेऊ नको, तुझं पोट दिसते. मी दोन दिवस बाजेवर सराव केला. मालक चहाची बशी माझ्या पोटावर ठेवून पाहत. दुसऱ्या दिवशी बशी हालली नाही, पण चहा थंड झाला, त्यावरून आमचं भांडण झालं अन् सराव तिथंच थांबला.

आता सरकारी भानगड ऐका. तिरडी बांधायची, माणसं जमवायची, रडारड करायची, तर पंचायतीची इजाजत पाहिजे. पंचायतीचा सेक्रेटरी तेलुगू माणूस, स्वभावानं गरीब, पण कागदाच्या बाबतीत फार कडक. त्याच्याकडं रस्ता खोदायचा अर्ज होता, लाउडस्पीकरचा होता, लग्नाच्या मांडवाचा होता. जितं माणूस मरून दाखवणार, याचा अर्ज नव्हता. त्यानं तासभर विचार करून भूषणकडून दरखास्त लिहून घेतली, की सदर बाई बुधवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत आपल्या खुशीनं मयत राहतील, पाचनंतर मयत राहणार नाहीत, अन् तिरडी अंगणाच्या बाहेर सरकारी रस्त्यावर येणार नाही. खाली माझी दस्तखत.

सेक्रेटरीनं शाईची डबी पुढं केली. अंगठा.

मी दुसरीपर्यंत शिकलेली आहे. "भागाबाई" मले लिहिता येते, अन् "बा"चा काना मी असा ओढते की मास्तर बी पाहत राहतील. मी म्हणलं अंगठा देत नाही. तो म्हणला मराठी अक्षर मले वाचता येत नाही. मी म्हणलं तुमाले वाचता येत नाही तर अंगठा तुमचा लागाले पाहिजे. भूषणनं हे भाषांतर करून सांगतलं नाही, तो मोठ्या घाबरट मनाचा आहे. शेवटी मी नाव लिहिलं. सेक्रेटरीनं त्याच्या बाजूले तेलुगूत लिहून टाकलं, की हे नाव आहे.

बुधवारी मले सजवाले बसवलं. कपडेवाल्या पोरीनं मुंबईहून एक लाल साडी आणली होती. गावातल्या बाया अंगणात जमल्याच होत्या, त्यांनी एका तोंडानं नकार दिला. बयनाबाईनं वृषालीबाईले समजावून सांगतलं. सवाष्ण बाई गेली तर तिले सासरचं नेसवून नेत नाहीत. माहेराहून हिरवं लुगडं येते. भाऊ आणते. तो येईपर्यंत तिरडी उचलत नाहीत, सांज झाली तरी वाट पाहतात.

वृषालीबाईचे डोळे चमकले. "हे घ्यायलाच हवं," ती म्हणली. "दारातून भाऊ येतो, हातात साडी, कॅमेरा त्याच्या तोंडावर. आजी, तुमच्या भावाला बोलवा ना."

ज्या बयनाबाईचं तोंड झोपेत बी चालते, ती लिंबाच्या पानाकडं पाहाले लागली.

सांगतेच आता. माझा धाकटा भाऊ दादाजी मुधोळले राहते. माय लवकर गेली, त्याले मी कडेवर वाढवला. नऊ वर्षं झाली, त्याच्या पोरीचं लग्न होतं. पंगतीत वांग्याची भाजी वाढली अन् मी तोंडात घालून म्हणलं, ही वांगी तीन दिवसांची आहेत. माळव्यात माझा जन्म गेला, मी खोटं कसं बोलू? आता ते नवरदेवाच्या बापाच्या कानावर गेलं, यात माझी चूक एवढीच की तो माझ्या बाजूच्या पत्रावळीवर बसला होता. दादाजीनं भर मांडवात हात जोडले अन् म्हणला, अक्का, आजपासून मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, तू मेलीस तरी तुझं तोंड पाहाले येणार नाही. मी म्हणलं, नको येऊ, मी तोंड झाकून घेईन. झालं. नऊ दिवाळ्या गेल्या, नऊ भाऊबिजा गेल्या. मी गेली नाही अन् तो आला नाही. मले काही फरक पडत नव्हता. भाऊबीजेच्या दिवशी माझं डोकं दुखते ते उन्हानं.

मी वृषालीबाईले म्हणलं, माझ्या भावाले शेतीची कामं आहेत, तुमी कोणाले बी भाऊ करा. तिनं राजकुमारले भाऊ केलं. माझ्याच पेटीतलं एक जुनं हिरवं पातळ त्याच्या हातात दिलं. मी ते पाहिलं अन् तोंड भिंतीकडं केलं. म्हणलं, नाकात कापूस घाला लवकर, उशीर होते.

मग मले तिरडीवर ठेवलं, झेंडूचा हार घातला. चंचल म्हणली, आई, फोटो काढते. तिनं काढला अन् पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहून की आमच्या आईची शूटिंग. आमच्या गावाचा टॉवर तुमाले ठाऊक नाही. तो फोटो गेला. लिहिलेलं मागं राहिलं, ते गोल गोल फिरत बसलं. तेवढ्यात आवाज घेणारा माणूस पिशवी घेऊन आला अन् त्यानं साऱ्यांचे फोन बंद करून पिशवीत टाकले. मुधोळहून, बोथहून, कुठून कुठून फोन आले असतील. एक बी लागला नाही. आता तुमीच सांगा, हार घातलेला फोटो येते अन् घरातलं कोणीच फोन उचलत नाही, माणूस काय समजन?

इकडं मी मेलेली, मले काय ठाऊक. इकडं वेगळाच तमाशा चालला होता. मालिकेतला इन्स्पेक्टर, तोच टीव्हीवाला, खऱ्या अंगाचा, जीपमधून उतरला. बायांनी रडणं सोडलं अन् त्याच्याभोवती जमल्या. बयनाबाईनं त्याले आपल्या चोरी गेलेल्या दोन कोंबड्यांची फिर्याद सांगतली, संशयित म्हणून तीन नावं दिली, अन् त्यात एक नाव माझं होतं. मी डोळे मिटून सारं ऐकत होती. मयत माणसावर आळ घेते ही बाई. मी तिरडीवरून एवढंच म्हणलं, की तुझ्या कोंबड्या कुत्र्यानं नेल्या. शिटी वाजली. वृषालीबाई म्हणली, आजी, तुम्ही गेलेल्या आहात. मग ठाण्यातला खरा शिपाई मोटारसायकलवर चौकशीले आला. त्यानं खोट्या इन्स्पेक्टरले पाहिलं अन् कडक सलाम ठोकला. इजाजतीचा कागद दाखवल्यावर त्यानं तो वाचला, पुन्हा माझ्याकडं पाहिलं, अन् घड्याळ पाहून म्हणला, पाचपर्यंतच बरं का अम्मा. असं कोणाच्या मरणात पोलिसानं वेळ सांगतलेली मी ऐकली नाही.

दुपारच्याले भावाचा सीन आला. सारे जागेवर बसले. कॅमेरा दाराकडं. वृषालीबाईनं ओरडून सांगतलं, भाऊ तयार? राजकुमार दाराबाहेर लिंबाआड उभा होता. अॅक्शन.

मी पडल्या पडल्या ऐकत होती. बाहेर एक जीप थांबली. मले वाटलं ते बी सीनमध्येच आहे. मग पावलं आली. एक पाय टाकते, एक घासते. एक टाकते, एक घासते. राजकुमार असा चालत नाही. असा चालणारा माणूस सहा वर्षांचा असताना बंडीवरून पडला होता अन् त्याले पाठीवर घेऊन दवाखान्यात मी गेली होती.

माझ्या पोटातला श्वास, जो पोटानं घ्यायचा होता, तो कुठं गेला कोण जाणे.

दादाजी तिरडीपाशी धपकन बसला. त्यानं दिवे पाहिले नाहीत, कॅमेरा पाहिला नाही. माझ्या अंगावर काहीतरी टाकलं, नव्या कापडाचा खळीचा वास आला. अन् त्यानं सूर धरला. आमच्याकडं बाप्ये सूर धरून रडत नाहीत. तो रडला.

"अक्का गं... मी तोंडानं बोललो गं... मनानं नाही बोललो. तलमडुगुचा फाटा आला की मी मान फिरवत होतो गं, डोळे फिरत नव्हते. तू बी नाही आलीस. एक डाव आली असतीस, मले दोन शिव्या दिल्या असत्या. उठ ना अक्का. उठ अन् एक शिवी दे."

मालिकेतला खुनी पोरगा स्वतःचं बोलणं विसरून खराखुरा रडाले लागला होता, हे मले नंतर कळलं. कोणी शिटी वाजवली नाही. मी डोळे उघडले नसते. टीव्हीवर यायचं माझं स्वप्न होतं, अन् एवढा चांगला सीन चालला होता. पण धाकट्या भावानं नऊ वर्षांनी एक गोष्ट मागितली. नाही कशी म्हणू?

मी उठून बसली. नाकातला कापूस काढला, अंगावरचं लुगडं दोन बोटांत धरून पाहिलं अन् म्हणलं, "मेल्या, एवढं पातळ? भैंशाच्या बाजारात चांगली दुकानं बंद होती काय?"

दादाजी मागच्या मागं बयनाबाईच्या मांडीवर पडला. त्याले पाणी पाजलं, कांदा हुंगवला. भूषणनं सारं समजावून सांगतलं. मग दादाजी डोळे पुसून माझ्याकडं पाहाले लागला, अन् हळूहळू त्याच्या तोंडावर मांडवातलं तोंड आलं.

"जिती हाय का तू?"

"तुले काय पायजे होतं?"

"मंग लुगडं दे वापस. ते मयतीचं हाय."

"माहेरचं लुगडं वापस जात नाई. आणलं ते आणलं."

तो उठला. टोपी घातली. म्हणला, मी मयतीले आलो होतो, मयत नाही तर माझं इथं काम नाही. अन् निघाला दाराकडं. एक पाय टाकते, एक घासते. मालक म्हणले, साळेबुवा, भाकर तरी खा. थांबला नाही. चंचल आडवी झाली, तिले बी बाजूले केलं. मी तिरडीवर बसलेली, गळ्यात हार, अंगावर त्याचं लुगडं, अन् माझ्या तोंडून "थांब" निघेना. तो शब्द मले येत नाही असं नाही. लोकांना मी दिवसातून वीस डाव म्हणते.

तेवढ्यात वृषालीबाई धावत गेली. त्याचे दोन्ही हात धरून म्हणली, काका, असं काम मी जन्मात पाहिलं नाही, पण आजी उठल्या, शेवट गेला, एकदा परत दारातून याल का? दादाजी म्हणला, मी काय तमासगीर आहे? जाऊ द्या मले.

तेव्हा माझ्या तोंडाले वाट सापडली. "जाऊ द्या बाई त्याले," मी म्हणलं. "त्याले नाई जमत. मघाशी जमलं ते बी चुकून."

दादाजी दारात थांबला. वळला.

"कोणाले नाई जमत?"

आमी दोघं एकाच मायची लेकरं आहोत.

मी पुन्हा आडवी झाली. माझ्या अंगावरचं लुगडं घेऊन तो बाहेर गेला अन् पुन्हा आत आला. तिरडीपाशी बसला, सूर धरला. पण आता मी जिती आहे हे त्याले ठाऊक, मग गुण काय गाणार? तो सुरातच म्हणाले लागला, अक्का गं, पोरीले दुसरा पोरगा झाला गं, तो तुझ्यासारखा तोंडाळ निघाला गं. मले पुढचं ऐकायचं होतं, पण सीन तिथंच संपत होता. तो संपला असता तर याची जीप बाहेर उभीच होती. मी पायाचा अंगठा हालवला.

शिटी. पुन्हा.

पुढच्या खेपेले तो म्हणला, अक्का गं, माझं डोळ्याचं आपरेशन झालं गं, तुले कोणी कळवलं नाही गं. मी खोकली. शिटी. मग म्हणला, तुझी भावजय दरवर्षी लोणच्याची एक बरणी तुझ्या नावानं बाजूले ठेवते गं, अन् मग आमीच खातो गं. त्या डाव मी हसली, ती मुद्दाम नव्हती. मग मी शिंकली. मग माझ्या नाकावर माशी बसली, जी कोणाले दिसली नाही. सारे दमले. आवाज घेणारा माणूस खाली बसला. राजकुमार माझ्याकडं असा पाहत होता की घर दाखवून पस्तावला. बयनाबाई साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणली, हिले नुसतं पडून राह्याचं काम दिलं, ते बी होत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिले उत्तर दिलं नाही.

जो माणूस नऊ वर्षं माझ्या दारात आला नाही, तो त्या दिवशी अकरा डाव आला.

पावणेपाच झाले. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं होतं. वृषालीबाई माझ्यापाशी उकिडवी बसली. बिचारी फार नरमाईनं बोलली. म्हणली, "आजी, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला हे जमत नाहीये. आपण तुमचे फक्त पाय दाखवू या का? काकांचं काम फार छान होतंय."

साऱ्या गावासमोर म्हणली. बयनाबाई समोर, चंचल समोर, मालक समोर. मी, जिनं सेक्रेटरीले अंगठा दिला नाही.

"खरं हाय बाई," मी म्हणलं, "मले नाई जमत. अजून एक डाव पाहू."

अन् डोळे मिटून घेतले. दाराबाहेर दादाजी खाकरला.